धातूची झिलई (अहिल्यानगर जिल्हा)

धातूच्या वस्तूचा पृष्ठभाग उजळणे, त्यावर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढवणे, नक्षी किंवा अक्षरे कोरणे आणि हवा, पाणी, आंबट पदार्थ यांपासून तो राखणे, या सगळ्या कामांना मिळून झिलईकाम म्हणता येईल. अहिल्यानगर (2024 पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात त्याचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांची कल्हई. उजळणे आणि राखणे ही एकाच कामाची दोन नावे आहेत, असा घरोघरी समज असतो. प्रत्यक्षात ती पुष्कळदा एकमेकांच्या आड येतात.

जिल्ह्याचा धातूशी संबंध ताम्रपाषाणयुगापर्यंत मागे जातो. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. श्रीरामपूर तालुक्यात प्रवराकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये एका स्थानिक शेतकऱ्याला चार भरीव ओतीव वस्तू सापडल्या : दोन बैलांचा रथ व त्यात उभा सारथी, गेंडा, हत्ती आणि रेडा. रथाची लांबी सुमारे 45 सेंमी. आहे. धातूच्या पृथक्करणात एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आढळल्याने त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद झाले. उत्तर हडप्पा काळ हे मत अधिक प्रचलित आहे. जमिनीत दीर्घकाळ राहिलेल्या तांब्यावर आधी लालसर आणि मग हिरवट थर धरतो. हा थर घट्ट व स्थिर असेल तर आतल्या धातूचे पुढचे झिजणे मंदावते. संग्रहालयात अशी वस्तू चकचकीत करत नाहीत, कारण मूळ पृष्ठभागाची रेषा त्या थरातच उरलेली असते. अपवाद क्लोराइडमुळे पडणाऱ्या फिकट हिरव्या, भुसभुशीत डागांचा. ते पसरत जातात आणि त्यांच्यावर उपचार करावाच लागतो.

नगरच्या ओतकामाचा सर्वांत मोठा नमुना आज जिल्ह्यात नाही, तो विजापूरला आहे. मुलूखमैदान तोफ 1549 मध्ये बुऱ्हाण निजामशाहाच्या कारकिर्दीत अहमदनगर येथे मुहंमद बिन हसन रूमी या तुर्की कारागिराने ओतली. वजन सुमारे 55 टन, धातू साधारण 80 भाग तांबे आणि 20 भाग कथील. आपल्याकडे पायाचे तळवे घासायला जी काशाची वाटी वापरतात, तिचा धातूही जवळजवळ याच प्रमाणातला. तोफेवर टिचकी मारली की घंटेसारखा नाद येतो, तो यामुळेच. तोंडाला हत्ती गिळणाऱ्या हिंस्र पशूच्या जबड्याचा आकार दिलेला आहे आणि अंगावर लेख आहेत. विजापूर 1686 मध्ये पडल्यावर औरंगजेबाने त्यात आपल्या विजयाच्या लेखाची भर घातली. दुसऱ्याच्या वस्तूवर आपले नाव कोरून ती आपली करण्याची हौस तेव्हाही होतीच. कोणी घासूनपुसून न लखलखवताही ही तोफ काळपट हिरव्या, गुळगुळीत कांतीने बुरुजावर टिकून आहे.

कथील तांब्यात मिसळले तर कासे होते, त्याच्यावर पसरले तर कल्हई. स्वयंपाकघरात दुसरी गोष्ट अधिक उपयोगी पडली. ब्रिटिश काळातील गॅझेटियरांत नगरच्या कारागिरीत लुगड्यांबरोबर तांब्या-पितळेच्या भांड्यांचा उल्लेख येतो. तांबट आणि कासार भांडी घडवत. त्यांना मठारून, म्हणजे गोल तोंडाच्या हातोडीने जवळजवळ ठोके देऊन, पृष्ठभागाला खवल्यांसारखी चमक आणत. ही केवळ शोभा नव्हती. ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि भांडे लवकर चेपत नाही. आतून मात्र उघड्या तांब्या-पितळेला ताक, चिंचेचे सार, लोणचे असे काही लागले की अन्न कळकते. आम्लात तांब्याचे क्षार उतरतात, चव तुरट होते, मळमळ आणि उलट्याही होतात. नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात अन्न ठेवण्यास भारतातील अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. आजीचा नियम त्याहून जुना होता : ताक पितळेत ठेवायचे नाही.

कल्हईची रीत : कल्हईवाला अंगणात किंवा वेशीपाशी लहान खड्डा खणतो, त्यात कोळसे रचतो आणि चामड्याच्या भात्याची नळी खालून आणतो. हल्ली भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा किंवा विजेचा ब्लोअर असतो. भांडे आधी आतून स्वच्छ करावे लागते. पातेले मोठे असेल तर कारागीर त्यातच उभा राहतो, पायाखाली वाळू आणि चिंधी घेतो आणि कंबर डावी-उजवी घुमवत टाचांनी बूड घासतो. मग भांडे सांडशीत धरून आचेवर तापवायचे. पुरते तापले की नवसागराची चिमूट टाकून बोळ्याने फिरवायची. नवसागर उष्णतेने फुटून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल बनते. हे आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा काढून टाकते. पांढरा, नाकाला झोंबणारा धूर निघतो तो याच वेळी. त्याच क्षणी कथलाची कांडी भांड्याला टेकवली की ती वितळते, कारण कथील 232 अंश सेल्सिअसलाच पातळ होते. तांब्याला त्यासाठी 1085 अंश लागतात. पिंजलेल्या कापसाच्या बोळ्याने हा रस भराभर कडेपर्यंत ओढला जातो आणि तांबूस भांडे बघता बघता चांदीसारखे होते. शेवटी पाण्यात बुडवायचे, चर्र आवाज येतो आणि काम संपते. हात उशिरा फिरला तर कथलाचे ओघळ गोठतात, आच जास्त झाली तर थर पिवळटतो.

हे निव्वळ लिंपण नाही. तांबे आणि कथील यांच्या सीमेवर दोन्ही धातूंची पातळ संयुगे तयार होतात आणि त्यांच्यामुळे थर धरून राहतो. नवसागराशिवाय कथील नुसते गोळ्या होऊन घरंगळते. अशा भांड्याची मर्यादाही याच आकड्यात आहे : कोरडे भांडे आचेवर विसरले तर 232 अंश गाठायला वेळ लागत नाही आणि कल्हई उतरून बुडाशी थेंब जमतात. फोडणीला तेल आधी, आच नंतर.

भेसळीचा प्रश्न जुना आहे. कथील महाग, शिसे स्वस्त. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली तर मिश्रण 183 अंशांनाच वितळते, म्हणजे कामही सोपे होते. पण शिसे अन्नात उतरते आणि शरीरात साठते. मुलांच्या बाबतीत ते फार घातक. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ वाकवली तर आतल्या स्फटिकांमुळे बारीक करकर ऐकू येते. शिसे फार असेल तर ती येत नाही आणि कांडी कागदावर ओढली तर करडी रेघ उमटते. या अंदाजाच्या परीक्षा आहेत, प्रयोगशाळेला पर्याय नव्हेत; तरी कल्हईवाल्याकडे कांडी मागून पाहण्यात गैर काही नाही.

कल्हई टिकण्याचे ठरावीक माप नाही. रोजच्या वापरात ती काही महिन्यांत विरते आणि बुडातून तांबडा रंग डोकावू लागला की पुन्हा करावी लागते. तिला मारते ते बहुतांशी घासणे. राख, वाळू, तारेची घासणी आणि चिंच-मीठ यांनी बाहेरचे पितळ झळकते, पण तोच हात आत फिरला की कथील जाते. चिंच किंवा लिंबू काळा थर विरघळवतात, म्हणजे दर वेळी धातूचाही अंश जातो. देवघरातल्या पितळी मूर्तींचे नाकडोळे पिढ्यान्‌पिढ्या सणाच्या घासण्याने बुजतात. चांदीच्या मुखवट्यांचेही तेच : काळेपणा हवेतील गंधकाचा, पण तो काढताना रांगोळीने घासले तर ओरखडे राहतात. शोभेच्या पितळेवर कारखान्यात पारदर्शक लाखेचा किंवा रोगणाचा हात देतात. अशा वस्तूला चिंच किंवा पावडर लावली तर रोगण ठिकठिकाणी निघते आणि वस्तू चट्ट्याचट्ट्यांनी काळवंडते. मऊ ओले फडके पुरे.

लोखंडाची गोष्ट उलटी. त्याचा गंज सच्छिद्र असल्याने आतल्या धातूला संरक्षण देत नाही, म्हणून वर काहीतरी हवेच. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात (स्थापना 1994) उघड्यावर उभे असलेले पोलादी रणगाडे रंगाच्या थराखाली टिकतात. औद्योगिक वसाहतींतील सुट्या भागांवर जस्ताचा मुलामा किंवा पावडर कोटिंग असते, ते याच कारणाने.

हातात बाळगायच्या वस्तूंचा वर्ग वेगळा. अडकित्ता, पानाचा डबा, चुन्याची डबी यांच्यावर वेलबुट्टी किंवा मालकाचे नाव असे, आणि बोटांच्या तेलकट स्पर्शाने आलेला गडद रंग कोणी काढत नसे.

स्टेनलेस स्टील आणि कल्हई यांचे जमले नाही. त्याला तिची गरजच नव्हती. त्यातील क्रोमियम हवेशी संयोग पावून अदृश्य थर बनवते आणि ओरखडा पडला तरी तो थर आपोआप भरून येतो. घरोघरची पितळी भांडी मोडीत घालून स्टील आले, तसा कल्हईवाल्याचा फेरा विरळ झाला. अलीकडे तांब्या-पितळेची हौस परतली आहे, कारागीर तितके परतलेले नाहीत. नाव घालण्याची प्रथा मात्र जुन्या भांड्यांवरून नव्यांवर सहज आली. पूर्वी छिन्नीच्या टोकाने ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरे उठवत. मग भांड्यांच्या दुकानातच थरथरत्या सुईचे विजेचे यंत्र आले. आहेराच्या ताटावर देणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख, स्मरणार्थ दिलेल्या समईवर 'कै.', गावकीच्या मोठ्या पातेल्यांवर देवस्थानाचे नाव. या शेवटच्या नावाचा उपयोग रोकडा होता : लग्नाला नेलेले पातेले परत कुठे यायचे, ते त्यामुळे कळे. आता लेझरनेही अक्षरे काढतात. त्या उष्णतेने स्टीलचा राखणारा थर तेवढ्या रेषेपुरता दुबळा होऊ शकतो आणि खारट-आंबट लागून अक्षरांच्या कडेने तपकिरी डाग येतात. म्हणून नाव भांड्याच्या आत कधी घालू नये. काठाखाली, बाहेरच्या अंगाला घालून घ्यावे.