आपल्या इमारतीची फाईल

पंचवीस वर्षांपूर्वी साक्रीत अपार्टमेंट ही नवलाईच होती. कान नदीकाठच्या या गावात माणूस प्लॉट घेई आणि स्वतःचं घर बांधी. नगरपंचायत नंतर आली. तेव्हा ग्रामपंचायत होती.

शेतजमीन बिनशेती करायला जमीन महसूल संहिता १९६६च्या कलम ४४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागे. फाईल तलाठी, तहसीलदार, धुळ्याचं नगररचना कार्यालय अशी फिरली. बांधकामासाठी ग्रामपंचायतीची परवानगी वेगळी.

साहेब लोक जागेवर आले. रस्ता किती फुटी? सांडपाणी कुठे सोडणार? उन्हाळ्यात एवढ्या बिऱ्हाडांना पाणी कुठून? मोकळी जागा कमी दाखवली म्हणून नकाशा परत आला. मी स्वतः बँकेत कर्जाच्या फायली तपासणारा, तरी तेव्हा चिडलो होतो. आज त्याच मोकळ्या जागेत आपला गणपती बसतो, मुलं खेळतात, टँकर वळतो.

एक काम मात्र राहून गेलं. सातबाऱ्यावर अजून सोसायटीचं नाव नाही. १९६३च्या मोफा कायद्याच्या कलम ११ प्रमाणे बिल्डरनं जमिनीचं हस्तांतरण करून द्यायचं असतं. आपल्याला ते मिळालं नाही. २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. उद्या इमारत नव्यानं बांधायची वेळ आली, तर पहिला प्रश्न जमिनीचाच निघेल.

मंजूर नकाशासह सगळी फाईल माझ्या कपाटात आहे. आता माझ्याच्यानं धुळ्याच्या खेपा होत नाहीत. तरुण सभासदांपैकी कुणीतरी ती घेऊन जा. चहा माझ्याकडे.