एकाच रस्त्यावरची चार बाळं

भाईंदरहून उत्तनकडे जाताना राई, मुर्धे, मोरवा ही जुनी गावं लागतात. इथं आगरी घरांच्या अंगणात तुळस दिसते, तर पुढे डोंगरी-उत्तनला क्रूस दिसू लागतात. मागे मीरा रोडला अजान ऐकू येते आणि खाडी ओलांडली की सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप. धर्मांची तुलना ग्रंथांपासून सुरू करण्याची रीत आहे. मी मात्र नुकत्याच जन्मलेल्या बाळापासून सुरुवात करणार आहे.

हिंदू घरात पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी ललाटलेख लिहिते, अशी श्रद्धा. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. त्यामागचा विचार असा की बाळ मागच्या जन्मांचं संचित घेऊन येतं. ख्रिस्ती घरात बाप्तिस्मा होतो. आदामाच्या पापाचा वारसा घेऊन माणूस जन्मतो आणि देवाच्या कृपेनं तो धुतला जातो, ही तिथली धारणा. आमच्याकडे बाळाच्या कानात अजान देतात. इस्लामच्या दृष्टीनं आदमची चूक अल्लाहनं माफ केली. तिचा वारसा कुणाकडे येत नाही, मूल निर्मळच जन्मतं. बौद्ध विचारात निर्माता देव नाही, नित्य आत्माही नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते कारण दूर करता येतं.

बाळं सारखीच, पण त्यांच्याकडे पाहणारे डोळे चार. 'सगळे धर्म एकच सांगतात' असं आपण सभांमधून म्हणतो. हेतू चांगला असतो, पण ते खरं नाही. एकाला अनेक जन्म आहेत, दुसऱ्याला एकच जन्म आणि शेवटी निवाडा. हा फरक लहान नव्हे.

आपल्या मराठीनं हे फरक फार पूर्वी पेलले आहेत. इंग्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात पोहोचले. १६१६ साली त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांत आदामापासून येशूपर्यंतची कथा. स्वर्गाला त्यांनी 'वैकुंठ' म्हटलं. शब्द विष्णुभक्तांचा, आशय ख्रिस्ती. पुढे तीसेक वर्षांत, १६४५ साली, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. मुसलमान घरात जन्मलेल्या या संतानं ओवीतूनच माणसाच्या आतल्या लढाईची गोष्ट सांगितली. दोघांनीही आपली श्रद्धा लपवली नाही आणि भाषाही परकी मानली नाही. मराठीत कविता लिहिताना मला या दोघांचा आधार वाटतो.

पण प्रश्न केवळ शब्दांचा नाही. बाळ उपाशी राहिलं, तर जबाबदार कोण? इथे जगाकडे पाहण्याच्या दृष्टीची खरी परीक्षा होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला. गरिबी हे मागच्या जन्माचं फळ मानलं, की समाज आणि राज्य यांची जबाबदारी संपते, हा त्यांचा आक्षेप होता.

हा आक्षेप केवळ हिंदूंसाठी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. तकदीर ही आमच्याही श्रद्धेचा भाग आहे. माझी आजी पाच वेळची नमाजी. कुणाचं वाईट झालं की सहज म्हणायची, "सटवाईनं लिहिलंय, तिथं कोण काय करणार?" शब्द शेजारणीचा, पण हात झटकणं आमचंच. जकात देणं आम्हाला फर्ज आहे, गरिबाचा आपल्या संपत्तीत हक्क आहे, हे त्याच घरात रोज सांगितलं जाई. दोन्ही गोष्टी एका छपराखाली नांदत होत्या. बहुतेक घरांत असंच असतं. आपण कोणती बाजू धरतो, यावर पुढचं सगळं ठरतं.

पुन्हा खाडीपलीकडे जातो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याच्या स्तूपाचं उत्खनन केलं. त्याच वर्षी तिथं सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात सापडला तो १९५६ साली. म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्याच वर्षी. या नवव्या लेखाचा पूर्ण मजकूर इतर ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, असं अशोक त्यात सांगतो. करावेत, पण त्यांचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे दास-सेवकांशी नीट वागणं, गुरुजनांचा मान राखणं, प्राणिमात्रांबाबत संयम पाळणं आणि दान देणं.

बावीसशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर कुणीतरी हे दगडावर कोरलं. अजान, बाप्तिस्मा, पाचवी, बुद्धवंदना हे सारं होऊ दे. मलाही ते हवंच आहे. पण या रस्त्यावर एखादं मूल उपाशी झोपलं, तर त्याच्या कपाळावर काय लिहिलंय हे वाचत बसू नये. आधी घरात काय शिजलंय ते पाहावं आणि ताट घेऊन जावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)