ओरंगी पथदर्शी प्रकल्प

पाकिस्तानातील कराची शहराच्या वायव्येला पसरलेल्या ओरंगी या वसाहतीत १९८० साली सुरू झालेला, प्रामुख्याने मलनिःसारणाचा उपक्रम. संस्थापक अख्तर हमीद खान (१९१४–९९). इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘ओपीपी’ या नावाने ओळखला जातो. गल्लीतली भुयारी गटारे रहिवाशांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि स्वतःच्या देखरेखीखाली घालायची, देणगीदाराचा पैसा मात्र पाहणी, संशोधन, आराखडे आणि मार्गदर्शन एवढ्यापुरताच वापरायचा, ही त्याची पद्धत. शहराच्या पर्यावरणासाठी मिळणारा थोडा पैसा नेमका कुठे घालावा, हा वाद निघाला की गेली चार दशके ओरंगीचा दाखला हटकून दिला जातो.

वसाहत : ओरंगीत वस्ती व्हायला १९६५ च्या सुमारास सुरुवात झाली. बांगलादेशाच्या निर्मितीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेले बिहारी मुसलमान मोठ्या संख्येने येथे स्थायिक झाले. पठाण, पंजाबी, सिंधी, बलुच आणि फाळणीनंतर भारतातून गेलेले मुहाजिर यांची त्यात भर पडत गेली. सरकारने आखलेला भाग लहान होता. उरलेल्या सरकारी जमिनीचे तुकडे दलालांनी पाडले आणि विकले. दलालांची आखणी मात्र कामचलाऊ नव्हती. गल्ल्या बऱ्यापैकी सरळ होत्या आणि एकेका गल्लीत साधारण वीस ते चाळीस घरे होती. पुढे सगळ्या कामाचे एकक ठरली ती हीच गल्ली. सिमेंटचे ठोकळे पाडणारे कारखाने वसाहतीतच होते. त्यांना ‘ठल्ला’ म्हणत. ठल्लेवाला माल उधार देई, गवंडी मिळवून देई, क्वचित सल्लाही देई. म्हणजे घरे लोकांनीच, सरकारची एक वीटही न घेता उभी केली होती. अडले होते ते घराबाहेर. संडास टोपलीचे, नाहीतर शोषखड्ड्याचे. न्हाणीचे पाणी गल्लीत सोडलेले. कुणी उघडी चर खणून आपले पाणी पुढच्या गल्लीत ढकललेले. या घाणीतून येणाऱ्या आजारपणावर घराघरातून पैसा जात होता. तरी गटार हे महापालिकेचे काम, ते फुकटच व्हायला हवे, अशी लोकांची ठाम समजूत होती. दर निवडणुकीत पुढारी तसे आश्वासनही देत असत.

अख्तर हमीद खान आणि निधी : खान मूळचे आग्र्याचे. १९३६ मध्ये ते आयसीएसमध्ये दाखल झाले आणि बंगालात नेमले गेले. तेथील दुष्काळानंतर सरकारी नोकरी सोडून त्यांनी अलीगढजवळच्या एका खेड्यात काही काळ मजुरी केली, कुलुपे दुरुस्त केली. १९५९ मध्ये कुमिल्ला येथे त्यांनी ग्रामविकास अकादमी उभारली. तिथल्या सहकारी प्रयोगासाठी त्यांना १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ओरंगीत ते आले तेव्हा त्यांनी वयाची पासष्टी गाठली होती.

त्यांना तेथे आणले आगा हसन अबेदी यांनी. अबेदी हे बीसीसीआय बँकेचे संस्थापक. प्रकल्पाला पैसा दिला तो या बँकेच्या धर्मादाय प्रतिष्ठानाने. (पुढे १९९१ मध्ये ही बँक आर्थिक गैरव्यवहारांमुळे जगभर बंद पडली. प्रतिष्ठान मात्र ‘इन्फाक फाउंडेशन’ या नावाने टिकले आणि प्रकल्पाला मदत करत राहिले. इतक्या वादग्रस्त तिजोरीतून इतके स्वच्छ काम निघावे, हा या इतिहासातला विनोदच म्हणायचा.) देणगी फार मोठी नव्हती, पण तिच्यासोबत उद्दिष्टांचे तक्ते नव्हते, वर्षाअखेर अमुक इतक्या फुटांचे गटार झालेच पाहिजे असा धाक नव्हता. लोकांना काय हवे आहे आणि ते स्वतः किती करू शकतात, हे समजून घेण्यासाठी खान यांनी सुरुवातीचे महिने वसाहतीत हिंडण्यात आणि माणसांशी बोलण्यात घालवले. प्रकल्पाच्या यशाची कारणे मोजताना अभ्यासक तंत्रज्ञानाकडे आधी वळतात. वास्तविक या मोकळ्या महिन्यांना पहिले स्थान द्यायला हवे. खर्च केला पाहिजे म्हणून पैसा खर्चणाऱ्या योजनेत असे हिंडणे वेळेचा अपव्यय ठरले असते.

या भटकंतीतून खान यांनी चार अडथळे मांडले. लोकांना वाटते हे सरकारचे काम, हा मनातला अडथळा. सरकारी दराने गटार परवडत नाही, हा पैशाचा. गवंड्याला ढाळ काढता येत नाही, हा तंत्राचा. आणि वीस घरांनी एकत्र येऊन एक काम करण्याची सवय नाही, हा समाजाचा. चारही हटल्याखेरीज एक गल्लीसुद्धा पुरी होत नाही. पाईप फुकट वाटले तर फार तर दुसरा हटेल, पहिला उलट अधिक घट्ट होईल, असे त्यांचे म्हणणे.

गल्लीतले काम : काम सुरू व्हायचे ते बैठकीने. प्रकल्पाचे कार्यकर्ते गल्लीत येऊन गटाराचे फायदे सांगत, खर्चाचा अंदाज देत आणि स्पष्ट करत की आम्ही पैसे देणार नाही, घेणारही नाही. गल्लीला काम करायचे असेल तर तिने आपला एक प्रमुख निवडायचा आणि त्याने रीतसर अर्ज करायचा. अर्ज आल्यावर प्रकल्पाचा तंत्रज्ञ लेव्हल घेई, नकाशा व एस्टिमेट करून देई, अवजारे व साचे उसने देई. वर्गणी गोळा करणे, सामान आणणे, मजूर लावणे किंवा घरच्या माणसांनीच खणणे, आणि वर्गणी बुडवणाऱ्या शेजाऱ्याला वळणावर आणणे ही कामे गल्लीप्रमुखाची. हिशेब गल्लीचा, गल्लीतच. प्रकल्पाच्या हाती लोकांचा पैसा कधीच न आल्याने त्याबद्दल संशय घ्यायला जागा उरली नाही.

खर्च खाली आणण्याचे काम संशोधनाने केले. ठेकेदाराचा नफा आणि वाटेतली चिरीमिरी वगळली गेली, हा त्यातला मोठा वाटा. उरलेला आरेखनाचा. सरकारी नमुन्याप्रमाणे खोल, विटांचे मॅनहोल बांधण्याऐवजी पोलादी साचा लावून जागच्या जागी काँक्रीटचे उथळ मॅनहोल ओतले जाऊ लागले. साचा एका गल्लीतून सुटला की दुसऱ्या गल्लीत जाई. घरातला संडास आणि गल्लीतली नळी यांच्यामध्ये एक छोटी टाकी बसवली जाई. तिला ‘हौदी’ म्हणत. घट्ट मैला हौदीत खाली बसतो आणि पुढे फक्त पाणी जाते. त्यामुळे कमी ढाळाची नळीही तुंबत नाही. ऐंशीच्या दशकात संडास, गल्लीतले गटार आणि त्यापुढची जोडवाहिनी धरून घरामागे साधारण एक हजार रुपये लागत. महापालिकेचा दर याच्या अनेक पट होता.

सुरुवात निर्दोष नव्हती. काही गल्ल्यांत नळ्यांचे सांधे गळले, मॅनहोलची झाकणे फुटली. शोध घेतल्यावर कारणे अगदी साधी निघाली. काँक्रीटचे प्रमाण चुकत होते, आणि ओतल्यानंतर त्यावर पुरेसे दिवस पाणी मारले जात नव्हते. त्यावर प्रात्यक्षिके झाली, पत्रके निघाली, गवंड्यांना शिकवले गेले. देणगीचा पैसा अशा ठिकाणी लागत होता. लोकांच्या खिशातले हजार रुपये वाया जाऊ नयेत म्हणून प्रयोगाच्या चुकांची किंमत प्रकल्पाने सोसायची, ही वाटणी न्याय्यही होती आणि धूर्तही.

आतले आणि बाहेरचे : प्रकल्पाने मलनिःसारणाचे चार टप्पे पाडले. घरातला संडास, गल्लीतले गटार, अनेक गल्ल्यांचे पाणी नेणारी जोडवाहिनी आणि शेवटी मुख्य वाहिनी व शुद्धीकरण. पहिले तीन ‘आतले’, ते लोकांनी करायचे. चौथा ‘बाहेरचा’, तो शासनाचा. पाकिस्तानच्या २००६ च्या राष्ट्रीय स्वच्छता धोरणात ही विभागणी स्वीकारली गेली.

तिला विरोध आधी झाला तो तज्ज्ञांकडून. ऐंशीच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेचा एक प्रकल्पही ओरंगीतच, बीसीसीआय प्रतिष्ठानाच्याच आश्रयाने चालू झाला. आधी संपूर्ण आराखडा, मग मुख्य वाहिनी, मग गल्ल्या हा त्यांचा क्रम. उतारावरच्या टोकापासून सुरुवात करायची, हे अभियांत्रिकीच्या पुस्तकाला धरूनच होते. खान यांचे उत्तर असे की, लोकांना आपल्या दारापुढची घाण दिसते, पाच किलोमीटरवरची वाहिनी दिसत नाही, म्हणून सुरुवात दारापासून करा आणि तूर्त पाणी जवळच्या नाल्याला सोडा. दोघांचे पटले नाही, कार्यक्षेत्रे वेगळी झाली. संयुक्त राष्ट्रांचे काम मोजक्या गल्ल्यांपलीकडे सरकले नाही आणि दशकाअखेरीस ते गुंडाळले गेले. तोवर दुसऱ्या बाजूला एक गल्ली पाहून शेजारची गल्ली अर्ज करत होती. पुढील वर्षांत ओरंगीतल्या एक लाखाहून अधिक घरांना अशी गटारे मिळाली. वसाहतीच्या बहुतेक गल्ल्या त्यात आल्या.

१९८८ मध्ये प्रकल्पाच्या स्वतंत्र संस्था झाल्या. त्यांपैकी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने मलनिःसारण आणि घरबांधणी हाती घेतली, ओरंगी चॅरिटेबल ट्रस्टने छोट्या धंद्यांना कर्जे दिली. आरोग्याचे काम वेगळ्या संस्थेकडे गेले.

नकाशे : वास्तुशिल्पी आरिफ हसन हे १९८० च्या दशकाच्या आरंभापासून प्रकल्पाचे सल्लागार होते. पुढे संशोधन संस्थेच्या संचालक झालेल्या परवीन रहमान या त्यांच्या मागोमाग आल्या. दोघांनी काम गल्लीतून शहराकडे वळवले. ओरंगीतल्या तरुणांना मोजणीचे शिक्षण देऊन कराचीतल्या अनधिकृत वसाहतींचे आणि नाल्यांचे नकाशे करून घेतले गेले. त्यांतून जे दिसले ते सरकारी कागदात नव्हते. शहराचा बराच मैला अधिकृत वाहिन्यांतून जातच नव्हता. तो नैसर्गिक नाल्यांतून समुद्राला मिळत होता, आणि लोकांनी घातलेली गटारे त्या नाल्यांना जोडलेली होती. तेव्हा नालेच बंदिस्त करून मुख्य वाहिनीसारखे वापरावेत, अशी मांडणी झाली.

या नकाशांचा हिसका कोरंगी प्रकल्पाला बसला. आशियाई विकास बँकेच्या ७ कोटी डॉलर कर्जावर आधारलेली, एकूण सुमारे १० कोटी डॉलरची सांडपाणी योजना कराचीच्या कोरंगी भागात होऊ घातली होती. जमिनीखाली आधीच असलेल्या गटारांची तीत दखल नव्हती. ती धरली तर काम पाचव्या हिश्श्यात होते, असे संशोधन संस्थेने मांडले. इतर नागरी संघटनांनीही ते लावून धरले आणि १९९९ मध्ये सिंध सरकारने कर्ज नाकारले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खान यांचे निधन झाले. त्यांची कबर ओरंगीत प्रकल्पाच्याच आवारात आहे.

नकाशे सगळ्यांनाच रुचणारे नव्हते. शहराच्या कडेची जुनी गावे कोण बळकावते, टँकरला पाणी कुठल्या जलवाहिनीतून चोरले जाते, हेही परवीन रहमान यांनी कागदावर आणले होते. १३ मार्च २०१३ रोजी कार्यालयातून घरी जाताना त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले, पुढच्या वर्षी सिंध उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

अनुकरण : फैसलाबाद, लोधरान, सुक्कूर आदी ठिकाणी स्थानिक संस्थांनी ही पद्धत उचलली. फैसलाबादला ब्रिटनच्या वॉटरएडचे साहाय्य होते. आशियात ती पोहोचली ती १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘एशियन कोअलिशन फॉर हाउसिंग राइट्स’ या मंचातून. मुंबईची ‘स्पार्क’ ही संस्थाही या मंचात प्रारंभापासून आहे. १९९९ नंतर पुणे महानगरपालिकेने स्पार्कसारख्या संस्थांकडे वस्त्यांतली सार्वजनिक स्वच्छतागृहे सोपवली, तेव्हा वाटणी मात्र ओरंगीच्या उलट होती. बांधकामाचा पैसा पालिकेचा आणि निगा वस्तीची. दाट झोपडपट्टीत घरात संडासाला जागाच नसल्याने ओरंगीचा नमुना जसाच्या तसा तेथे चालला नसता. याच मंचाने २००८ पासून गेट्स फाउंडेशनच्या मदतीने अनेक देशांतल्या वस्त्यांना गटार, पायवाट, नळ अशा छोट्या कामांसाठी प्रत्येकी ३,००० डॉलरपर्यंत रक्कम दिली. येथे देणगी थेट बांधकामात गेली. पण रक्कम मुद्दाम अपुरी ठेवली होती, म्हणजे उरलेले वस्तीने आणि पालिकेने घालावे. खान यांना ती कदाचित जास्तच वाटली असती.

मर्यादा : ओरंगीत जमीन बऱ्यापैकी उताराची, घरे मालकीची समजली जाणारी, गल्ल्या सरळ. भाडेकरूंच्या किंवा सपाट, पाणथळ वस्तीत वर्गणी आणि ढाळ दोन्ही जमत नाहीत. अत्यंत गरीब घरांना हजार रुपयेही जड होते. लोकांनी आपल्या पैशाने करावे हा आग्रह शासनाला जबाबदारीतून सुटायची पळवाट देतो, हा आक्षेप डाव्या विचाराच्या अभ्यासकांनी घेतला. तो अगदीच पोकळ नाही, कारण ‘बाहेरचा’ टप्पा ज्यांच्याकडे होता त्यांनीच तो रखडवला. पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत जड बाजू हीच. गल्ल्या कोरड्या झाल्या, पण मैला शुद्धीकरणाविना नाल्यांतून अरबी समुद्रात जात राहिला. ऑगस्ट २०२० च्या अतिवृष्टीत कराचीतले नाले फुगल्यावर सरकारने २०२१ मध्ये ओरंगी नाला आणि गुज्जर नाला यांच्या काठची हजारो घरे पाडली. पुनर्वसनावरून रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली.