मुलांना पहिला मोबाईल घेताना : आधी गरज ठरवा, मॉडेल नंतर

प्रतिनिधी / बेळगाव

कर्नाटकात मेअखेरीस आणि महाराष्ट्रात जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात. वह्या, दप्तर, रेनकोट या यादीत आता मोबाईलही आला आहे. दुकानात गेल्यावर पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘दहा हजारांत चांगला कुठला?’ खरे तर तो शेवटचा प्रश्न असायला हवा. फोन कशासाठी हवा, सिम कुणाच्या नावावर, बिल कोण भरणार आणि काही बिनसले तर पोरगं आधी कुणाला सांगणार, एवढे घरात ठरले की मॉडेल निवडायला दहा मिनिटे पुरतात.

गरज कोणती ते ठरवा

प्राथमिक शाळेतल्या मुलाला स्वतःच्या फोनची गरज सहसा नसते. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी आई-वडिलांचा फोन पुरतो. सहावी ते नववीची मुले गावाहून बसने शाळेला किंवा शिकवणीला जात असतील, तर ‘बस चुकली’, ‘पोचलो’ एवढे सांगण्यापुरता बटणांचा फोन चांगला. अकरावी किंवा पीयूसीला गेल्यावर अभ्यासाचे व्हिडिओ, प्रवेशाचे अर्ज आणि ओटीपी यांसाठी स्मार्टफोन लागतो. ‘वर्गात सगळ्यांकडे आहे’ म्हणून फोन घ्यायचा असेल, तर तो आणखी एक वर्ष थांबला तरी चालतो.

बटणांचा फोन घेतानाही चौकशी करा. जिओच्या नेटवर्कवर जुना २जी फोन चालत नाही, त्याला ४जी हँडसेटच लागतो. २०२३ मध्ये ९९९ रुपयांना बाजारात आलेल्या जिओभारत फोनमध्ये फक्त जिओचे सिम चालते. हल्लीच्या ४जी बटणांच्या फोनमध्ये व्हिडिओ आणि यूपीआयही असते, त्यामुळे बटणे दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. आत काय काय आहे ते दुकानातच उघडून बघा.

सिम पालकाचे, जबाबदारीही पालकाची

१८ वर्षांखालील व्यक्तीच्या नावावर सिम मिळत नाही. मुलाच्या हातातले सिम आई किंवा वडिलांच्या नावावर असते, आणि त्या नंबरवरून काही गैरप्रकार झाला तर पहिली विचारणा त्यांच्याकडेच होते. एका व्यक्तीच्या नावावर आपल्या भागात जास्तीत जास्त नऊ सिम असू शकतात. तुमच्या नावावर किती आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसते. नवे सिम घेण्याआधी ते पाहून घ्या.

एक पथ्य मात्र कडकपणे पाळा. बँक खात्याला किंवा आधारला जोडलेला नंबर मुलाच्या फोनमध्ये घालू नका. ‘जुना नंबर पडून आहे, तोच देऊ’ असे अनेक घरांत होते. मग बँकेचे ओटीपी मुलाच्या स्क्रीनवर येतात, आणि गेमच्या नादात आलेली एखादी लिंक दाबली तर थेट घरखर्चाच्या पैशाला हात लागतो.

कंपनी कुठली घ्यायची हे जाहिरातीवरून ठरवू नका. घर, शाळा आणि बसचा रस्ता, या तिन्ही ठिकाणी कुणाची रेंज आहे ते बघा. खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात किंवा चंदगडच्या डोंगराळ गावांत शेजारच्या दोन गावांची रेंजसुद्धा सारखी नसते. सीमेवर फोन कधी कर्नाटकचा टॉवर पकडतो, तर कधी महाराष्ट्र-गोवा सर्कलचा. त्यामुळे रिचार्ज करताना पॅकमध्ये देशभर रोमिंग आहे का, हे विचारून घ्या.

नवा की घरातला जुना?

घरातला जुना स्मार्टफोन द्यायचा असेल, तर त्यातून आपले गूगल खाते आधी काढा आणि मग फोन रिसेट करा. खाते तसेच राहिले तर आपले फोटो, पासवर्ड आणि कार्डाची माहिती मुलापर्यंत जाते. बॅटरी फुगलेली असेल किंवा सिक्युरिटी अपडेट बंद होऊन बरीच वर्षे झाली असतील, तर तो फोन देऊ नये.

सेकंडहँड घेताना स्वस्ताईला भुलू नका. फोनवर *#०६# दाबले की १५ अंकी आयएमईआय नंबर दिसतो. मेसेजमध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ वर पाठवा. उत्तरात फोन ब्लॅकलिस्टमध्ये, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचे आले, तर व्यवहार तिथेच सोडा. चोरीचा फोन मुलाच्या हातात सापडणे कुठल्याच घराला परवडणारे नाही.

नवा फोन पक्क्या बिलानेच घ्या. मोबाईलवर १८ टक्के जीएसटी आहे. ‘बिल नको, थोडे कमी करतो’ असे दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका. बिलावर आयएमईआय लिहिलेला असला की वॉरंटी, चोरीची तक्रार आणि ग्राहक मंचातली दाद, सगळीकडे तो कागद कामाला येतो. फोन कोल्हापुरात घेतला आणि राहायला बेळगावात असलात, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.

हिशेब पूर्ण मांडा

फोनची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. समजा, फोन आठ हजारांचा, कव्हर आणि काच पाचशे, आणि रिचार्ज महिन्याला २५० रुपये. दोन वर्षांचे रिचार्जच सहा हजार होते. म्हणजे आठ हजारांचा फोन प्रत्यक्षात साडेचौदा हजारांना पडतो. बटणांचा फोन असेल तर डेटा नसलेला, फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक मागा. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर कंपन्यांनी असे पॅक आणले आहेत, पण दुकानदार आपणहून सांगेलच असे नाही. स्मार्टफोनलाही रोज दोन-तीन जीबीचा पॅक घालू नका. रोजचा डेटा रात्री संपून जातो म्हणून तो वापरून टाकायची सवय लागते. कमी डेटा हा साधा आणि फुकटातला लगाम आहे.

पहिल्या दिवशीच करायच्या गोष्टी

खाते उघडताना मुलाची खरी जन्मतारीख टाका. अडचण नको म्हणून अनेक पालक १९९० सालची तारीख टाकतात. मग ते मूल कंपनीच्या दृष्टीने मोठा माणूस ठरते आणि मुलांसाठीची संरक्षणे लागूच होत नाहीत. १३ वर्षांखालील मुलाचे गूगल खाते पालकाच्या खात्याला जोडून उघडता येते. फॅमिली लिंक या मोफत अॅपमधून कोणते अॅप घ्यायचे, किती वेळ वापरायचे आणि रात्री फोन कधी बंद व्हायचा, हे आपल्या फोनवरून ठरवता येते. आयफोनमध्ये यासाठी स्क्रीन टाईम आहे. व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामची किमान वयोमर्यादा १३ वर्षे आहे. यूपीआय अॅप मुलाच्या फोनमध्ये ठेवूच नका.

लॉक स्क्रीनवर तातडीचा संपर्क भरून ठेवा, आणि तो फक्त मराठीत नको. बसचा कंडक्टर किंवा रस्त्यावरचा माणूस कन्नड बोलणारा असू शकतो. इंग्रजी किंवा कन्नडमध्येही नाव आणि नाते लिहा. ११२ हा नंबर सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतो, हे मुलाला तोंडपाठ हवे.

नियम सगळ्या घराला

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. भोंगा मुलांसाठी तसाच मोठ्यांसाठीही होता, म्हणून त्याला वजन आले. घरातही तसेच करा. जेवताना फोन कुणाचाच नाही, आणि रात्री सगळ्यांचे फोन सोप्यात चार्जिंगला. वडील अंथरुणात रील्स बघत असतील, तर पोरांना उपदेश करून उपयोग नाही.

काही बिनसलेच तर

फोन हरवला तर पोलिसांत तक्रार द्या, त्याच नंबरचे सिम पुन्हा काढा आणि संचार साथीवर आयएमईआय ब्लॉक करा. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. बेळगावात हरवलेला फोन त्यामुळे गोव्यातल्या नेटवर्कवरही बंद पडतो. पैशाची फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० वर कळवा. कुणी मुलाचा छळ करत असेल, फोटोवरून धमकावत असेल, तर चाइल्ड हेल्पलाईन १०९८ आणि पोलीस. मेसेज पुसू नका, तो पुरावा आहे. गुन्हा दुसऱ्या राज्यातून झाला, हद्द आमची नाही, असे सांगून पोलिसांना परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्द न बघता गुन्हा नोंदवण्याची तरतूद आहे.

पण या सगळ्या नंबरांचा उपयोग मुलाने तोंड उघडले तरच आहे. अशा प्रसंगी बरीच मुले गप्प राहतात, कारण सांगितले तर मार बसेल आणि फोन काढून घेतील, ही भीती असते. धमकावणाऱ्याला नेमके तेच हवे असते. म्हणून फोन हातात देतानाच स्पष्ट सांगा, ‘चूक तुझी असली तरी आधी मला सांग. मी रागावणार नाही, फोनही काढून घेणार नाही.’ आणि वेळ आली की हा शब्द पाळा.