खारं पाणी, जड पाणी

आपल्याकडे सोयरीक जुळवताना जमीन किती, घर कसं, हे विचारून झालं की एखादी मावशी हळूच विचारतेच, "तिकडचं पाणी कसं आहे?" हा प्रश्न उगाच नाही. जन्मभर त्या पाण्यात वरण शिजवायचं असतं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग. घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूला पूर्णा नदीचं खोरं आहे. ही जमीन म्हणजे नदीनं हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ, शेकडो फूट जाडीचा. चिकणमातीतून पाणी हळू सरकतं, ऊन कडक, वाफ वर जाते आणि क्षार खाली राहतात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या या पट्ट्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो.

इथलं पाणी इतकं खारं की एके काळी पूर्णेच्या खोऱ्यात, शेजारच्या अकोला जिल्ह्यात, खोल विहिरी खणून त्या पाण्यापासून चक्क मीठ काढत. इंग्रजांच्या अमलात तो धंदा बंद पडला. मीठ गेलं, खारं पाणी तेवढं राहिलं. मग बाया नदीच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं गोड पाणी भरत. सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरी त्यातल्या त्यात बऱ्या.

घाटावरची गोष्ट वेगळी. तिथं काळा पाषाण. त्यातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळतं. हे पाणी चवीला खारं लागेलच असं नाही, पण जड असतं. तुरीची डाळ शिजता शिजत नाही, बंबात पांढरा थर बसतो, साबण फेसाऐवजी चिकट साय धरतो, केस राठ होतात. म्हणजे खारं आणि जड या दोन तक्रारी आहेत. एखाद्या गावात दोन्ही असतात, एखाद्यात एकच.

आता गंमत बघा. जड पाण्यावरचं औषधही याच जिल्ह्यात होतं. लोणारचं सरोवर! अकबराच्या काळात अबुल फजलानं लिहिलेल्या 'ऐन-इ-अकबरी'त मेहकरच्या मुलखातल्या लोणारची नोंद आहे, की इथं साबण आणि काच करायला लागणारा माल मिळतो. तो माल म्हणजे सरोवराचा खार. पापडी, दल्ला, भुस्की, खुप्पल अशी त्याच्या प्रकारांची नावं होती. त्यातला मुख्य भाग सोडा. जड पाण्यात धुण्याचा सोडा टाकला की कॅल्शियम चुन्यासारखं खाली बसतं आणि साबण फेसाळतो. डाळीत चिमूटभर खायचा सोडा टाकतो तोही याच कुळातला. मात्र सोडा मीठ काढत नाही, म्हणून घाटाखालच्या खाऱ्या पाण्यावर त्याचा इलाज चालत नाही. आणि धुण्याचा सोडा प्यायच्या पाण्यात कधीच टाकू नका.

उकळल्यानं थोडं जडपण जातं, ते भांड्याला चिकटतं. खारेपण जात नाही. उलट पाणी आटलं की वाढतं. तुरटीनं गढूळपणा बसतो, क्षार नाही.

पुढे नळ आला. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांसाठी वान धरणावरून १४० गाव पाणीपुरवठा योजना झाली. वानचं पाणी सातपुड्याचं, गोड. पण कुठल्याही योजनेत वीज गेली, पाइप फुटला, की गाव पुन्हा बोअरवर येतं. तोटी तीच, पाणी दुसरं. जुन्या बाईला हे साबणावरून कळायचं. आज डिटर्जंट जड पाण्यातही फेस देतो, त्यामुळे ती परीक्षा फसते. करायचीच तर अंगाच्या साबणाच्या वडीनं करा.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. जडपणाची मर्यादा २०० आणि ६००. जागतिक आरोग्य संघटना नुसत्या जडपणाला आजाराचं कारण मानत नाही. घाटाखाली किडनीच्या आजाराची भीती घराघरात आहे, पण त्याचा सगळा दोष चवीवर टाकून जारचं पाणी आणलं की काम झालं, असं नाही. नायट्रेट (मर्यादा ४५) आणि फ्लोराइड (१, फार तर १.५) जिभेला कळत नाहीत. टीडीएस मीटरलाही वेगळे ओळखता येत नाहीत, आणि जंतू तर नाहीच नाही. जारवाल्यालाही तपासणीचा कागद मागा.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण, किट कुणाच्या कपाटात आहे, हे पुढच्या बचत गटाच्या बैठकीत विचारा. वानचं आणि बोअरचं पाणी वेगवेगळं तपासायला सांगा, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. आणि घरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितो ना, त्याच चौकटीत नळाला काय आलं तेही लिहा. 'वा' किंवा 'बो', एका अक्षरात भागतं.