मुंबई दूरदर्शन केंद्र : कार्यक्रमनिर्मिती

महाराष्ट्रातील पहिले दूरचित्रवाणी केंद्र व मराठी दूरचित्रवाणी कार्यक्रमांची आद्य निर्मितिसंस्था. हे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत सुरू झाले. त्याची इमारत व प्रक्षेपण-मनोरा वरळी येथे समुद्रालगत आहे. मनोऱ्यापासून दक्षिणेकडे पाण्यावरून लहरींना फारसा अडथळा नसल्याने उरण व अलिबाग हा तत्कालीन कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्याचा उत्तर किनारा या केंद्राचे स्वाभाविक ग्रहणक्षेत्र ठरला. दक्षिणेकडे अंतर वाढते व मध्ये डोंगर येतात. तेथे उंच बांबूवर आकाशक उभारूनही चित्र अस्पष्टच दिसे.

आरंभी दूरचित्रवाणी आकाशवाणीचाच भाग होती. १ एप्रिल १९७६ रोजी ‘दूरदर्शन’ ही स्वतंत्र यंत्रणा झाली. त्या काळी देशात दूरचित्रवाणीसाठी कार्यक्रम तयार करणारा खाजगी व्यवसाय जवळजवळ नव्हता. त्यामुळे चित्रपट व चित्रपटगीते वगळता बहुतेक कार्यक्रम केंद्रालाच करावे लागत. विषय ठरविणे, संहिता लिहवून घेणे, कलावंत जमविणे, तालमी घेणे व चित्रण करणे ही सर्व जबाबदारी केंद्राच्या वेतनावरील निर्मात्याची असे. साधने अपुरी होती. मात्र हाताशी मुंबईची समृद्ध रंगभूमी होती. चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारित ‘चिमणराव’ ही मालिका हे या पद्धतीचे उत्तम फळ होय. निर्मात्या विजया धुमाळे यांच्या या मालिकेत चिमणरावाची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी, तर गुंड्याभाऊची बाळ कर्वे यांनी केली. ‘गजरा’, साहित्यिक व कलावंतांच्या भेटी घडविणारा ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’ हे कार्यक्रमही लोकप्रिय झाले. आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’मधून तर प्रेक्षकांची ज्ञानदीप मंडळे उभी राहिली. स्मिता पाटील आरंभीच्या काळात येथे मराठी बातम्या देत असत.

या निर्मितीला मर्यादाही होत्या. वृत्तविभागावर शासनाचे नियंत्रण होते. १९७५–७७ च्या आणीबाणीत ते विशेष जाणवले. भाषा व अभिरुची मुख्यतः मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित वर्गाची राहिली. समोरच्या किनाऱ्यावरील आगरी व कोळी समाज पडद्यावर आला तो बव्हंशी गीतनृत्याच्या रूपाने; त्याच्या दैनंदिन व्यवहाराला तितके स्थान मिळाले नाही.

१९७६ मध्ये जाहिराती सुरू झाल्या. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण व दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९८४ मधील ‘हम लोग’ या मालिकेच्या यशानंतर प्रायोजित मालिकांचे युग आले. बाहेरच्या निर्मात्यांनी कार्यक्रम करावयाचा, प्रायोजकाने पैसा द्यावयाचा व दूरदर्शनने वेळ द्यावयाचा, अशी ही व्यवस्था होती. त्याच सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभारले गेले. ते प्रामुख्याने उपग्रहामार्फत येणारा दिल्लीचा कार्यक्रम दाखवीत. परिणामी पडदा खेडोपाडी पोहोचला, पण त्यावर मराठी दिसेलच याची खात्री नव्हती. उपग्रहावरील मराठी वाहिनीमुळे ही उणीव पुढे भरून निघाली. २००० मध्ये त्या वाहिनीला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. तोवर केंद्राच्या स्वतःच्या निर्मितीचा वाटा घटला होता. जुन्या निर्मितीपैकी बरीच आज पाहावयास मिळत नाही. कारण चित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरल्या जात.