एंजिनाचा व्यास, धाव आणि अश्वशक्ती-कर

अंतर्ज्वलन-एंजिनातील सिलिंडराच्या आतील व्यासाला व्यवहारात बोअर म्हणतात आणि दट्ट्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जे अंतर काटतो त्याला धाव किंवा स्ट्रोक म्हणतात. व्यासाचा वर्ग, धाव व सिलिंडरांची संख्या यांच्या गुणाकारास ०·७८५४ ने गुणले की, एंजिनाचे विस्थापन-घनफळ मिळते. व्यास दहा टक्क्यांनी वाढविल्यास घनफळ २१ टक्क्यांनी वाढते. धाव तितकीच वाढविल्यास ते दहाच टक्क्यांनी वाढते. एकच घनफळ रुंद व आखूड किंवा अरुंद व लांब सिलिंडरातून मिळविता येते. यांपैकी काय निवडावे हा वस्तुतः अभियांत्रिकीचा प्रश्न. पण ब्रिटनमध्ये सुमारे ३७ वर्षे त्याचे उत्तर करआकारणीने दिले.

तेथे १९१० पासून मोटारगाडीवरील कर रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या सूत्राने काढलेल्या अश्वशक्तीवर बसू लागला. या सूत्रात इंचांतील व्यासाचा वर्ग सिलिंडरांच्या संख्येने गुणून २·५ ने भागीत. धावेला त्यात स्थानच नव्हते. दट्ट्याचा वेग मिनिटास १,००० फूट, मध्यमान परिणामी दाब चौ. इंचास ९० पौंड व यांत्रिक कार्यक्षमता ७५ टक्के ही मूल्ये सर्व एंजिनांत सारखीच असतात, असे त्यात गृहीत होते. दट्ट्याचा वेग ठरलेला असेल, तर धाव लांबविल्याने मिनिटातील फेरे कमी होतात व शक्ती तेवढीच राहते. त्या काळच्या एंजिनांना हे बरेचसे लागू पडे. पुढे धातू, वंगण व इंधन सुधारले, गृहीते मागे पडली. सूत्र मात्र कायद्यात राहिले.

१ जानेवारी १९२१ पासून दर अश्वशक्तीस एक पौंड असा वार्षिक कर ठरला, तेव्हा त्याचा भार खरा जाणवू लागला. फोर्डच्या टी नमुन्याच्या एंजिनाचा व्यास ९५·२५ मिमी. व धाव १०१·६ मिमी. होती. प्रत्यक्षात सु. २० अश्वशक्ती देणारी ही गाडी सूत्रानुसार २२·५ ची ठरून तिच्यावर २३ पौंड कर पडे. मॉरिस काउली गाडीची धाव जवळजवळ तितकीच, १०२ मिमी. होती, पण व्यास ६९·५ मिमी. असल्याने १२ पौंडांत भागे. ऑस्टिन सेव्हनचे तर नावच या अश्वशक्तीवरून पडले. घनफळ राखून कर वाचवावयाचा, तर धाव वाढविणे एवढाच मार्ग उरे. १९३० नंतरच्या दशकातील मॉरिस एट या ९१८ घ. सेंमी. गाडीत व्यास ५७ मिमी. आणि धाव ९० मिमी. झाली.

अशा रचनेत दट्ट्याचा वेग लवकर मर्यादेस पोहोचतो. मिनिटास ४,००० फेऱ्यांना ९० मिमी. धावेच्या दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदास १२ मी. होतो. दट्ट्या व संयोग दांडा यांवरील जडत्वप्रेरणा धावेच्या प्रमाणात व फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अरुंद सिलिंडरावर मोठ्या झडपा बसविता येत नाहीत, त्यामुळे जास्त फेऱ्यांना पुरेसे मिश्रण आत येत नाही. लांब धावेमुळे ओढ वाढते हा समज सर्वत्र रूढ आहे, पण तो तितकासा खरा नाही. धाव वाढली की भुजादंडाची भुजा लांबते हे खरे; परंतु घनफळ तेच ठेवल्यास दट्ट्याचे क्षेत्रफळ, म्हणजे त्यावरील बल, त्याच प्रमाणात घटते. सरासरी दाब समान असल्यास पीळ घनफळावर अवलंबून असतो. लांब धावेचा खरा लाभ वेगळा आहे. तीत ज्वलनकक्ष आटोपशीर राहतो, ज्योतीला कमी अंतर जावे लागते व उष्णतेचा व्यय घटतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर निर्यात वाढविण्याची निकड निर्माण झाली आणि घरच्या करासाठी घडविलेली ही एंजिने परदेशांतील लांब पल्ल्याच्या रस्त्यांवर अडचणीची ठरू लागली. १९४७ मध्ये नव्या गाड्यांपुरता कर घनफळावर बसविण्यात आला आणि १९४८ पासून सरसकट १० पौंड झाला. रचनाकार मोकळे झाले. १९५९ च्या फोर्ड अँग्लियाचा व्यास ८०·९६ मिमी. व धाव केवळ ४८·४१ मिमी. होती, वरील ४,००० फेऱ्यांना तिच्या दट्ट्याचा वेग सेकंदास सु. ६·५ मी. भरतो. मॉरिस एटहून जेमतेम ७९ घ. सेंमी. मोठे असलेले हे एंजिन जुन्या सूत्राने मात्र ८ ऐवजी १६ अश्वशक्तीचे ठरले असते.

सर्वच कारखान्यांनी इतकी झेप घेतली नाही. यंत्रसामग्री महाग असते व जुनी मापे सहज सुटत नाहीत. जुना कर असतानाच आखलेल्या ऑस्टिन ए-४० च्या १,२०० घ. सेंमी. एंजिनाची धाव ८८·९ मिमी. होती. पुढील १,४८९ घ. सेंमी. एंजिनात तीच धाव ठेवून व्यास ७३·०२५ मिमी. करण्यात आला. हेच एंजिन पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या हिंदुस्थान अँबॅसडर गाडीत आले व तेथे अनेक वर्षे टिकले. त्याच्या जागी १९९० नंतरच्या दशकात आलेल्या इसुझूच्या १,८१७ घ. सेंमी. एंजिनात व्यास ८४ मिमी. व धाव ८२ मिमी. होती.